खाजकुइली, कंपवात आणि मरणाऱ्या पेशी

सातारा जिल्ह्यातील डोंगरउतारांवर पावसाळ्यानंतर खाजकुइलीच्या वेलींना मखमली लव असलेल्या शेंगा येतात. लव अंगाला लागली की भयंकर खाज सुटते, हे तिथल्या मुलांना सांगावे लागत नाही. या शेंगांच्या बियांत 'एल-डोपा' हे अमिनो आम्ल असते. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी ते १९३७ साली बियांतून वेगळे केले. पुढे १९६०च्या दशकात तेच कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराचे, मुख्य औषध ठरले.

या विकारात हात थरथरतात, स्नायू ताठरतात, हालचाली मंदावतात. मध्यमेंदूतील 'कृष्णद्रव्य' नावाच्या भागातील चेतापेशी मरत जातात, हे त्याचे कारण. या पेशी डोपामिन हा निरोप्या रेणू तयार करतात. एल-डोपा मेंदूत शिरून डोपामिनमध्ये बदलतो आणि तूट भरून काढतो. पेशींचे मरण मात्र तो थांबवत नाही. मग याच पेशी का मरतात?

१९८२ चा धागा

त्या वर्षी कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी कंपवाताच्या रुग्णांसारखे जखडले. त्यांनी घेतलेल्या चोरट्या मादक द्रव्यात 'एमपीटीपी' हे रसायन होते. मेंदूत त्याचे एका विषात रूपांतर होते. डोपामिन पेशीत परत घेणारे प्रथिन चुकून हे विषही आत ओढते. आत ते तंतुकणिकांमधील ऊर्जानिर्मितीच्या साखळीची पहिली कडी अडवते. ऊर्जा कमी पडते, ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू वाढतात आणि पेशी मरते. संशोधकांचे लक्ष तंतुकणिकांकडे वळले ते यामुळे.

पेशीच्या तीन अडचणी

पहिली अडचण ऊर्जेची. या पेशीच्या शाखा इतक्या पसरलेल्या असतात की एकच पेशी लाखो ठिकाणी निरोप पोचवते. तंतुकणिकांवर सतत ताण असतो.

दुसरी अडचण खुद्द डोपामिनची. कापलेले केळे काळे पडते हे आपण पाहतो. केळ्यात डोपामिन असते. विकराच्या मदतीने त्याचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन व पुढे काळे रंगद्रव्य बनते. कृष्णद्रव्याचा काळा रंगही डोपामिनच्या ऑक्सिडीकरणातूनच येतो. क्विनोन पेशीतील प्रथिनांना चिकटून त्यांना निकामी करतात. (केळी खाऊन मात्र कंपवात बरा होत नाही, कारण डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. म्हणूनच एल-डोपा द्यावा लागतो.)

तिसरी अडचण 'अल्फा-सिन्युक्लीन' या प्रथिनाची. १९९७ साली काही इटालियन व ग्रीक कुटुंबांत या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला. रुग्णांच्या मेंदूपेशींत दिसणाऱ्या गोळ्यांत हेच प्रथिन असते, हेही त्याच वर्षी कळले. त्याची घडी चुकली की गुठळ्या होतात व तंतुकणिका बिघडतात. बिघडलेल्या तंतुकणिकांमुळे आणखी घड्या चुकतात. नादुरुस्त तंतुकणिका काढून टाकण्याचे काम 'पिंक-१' व 'पार्किन' या जनुकांची प्रथिने करतात. ही जनुके सदोष असली तर विकार तरुण वयातही होतो.

शेतातला प्रश्न

सांगली जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारांना फवारणी नवी नाही. म्हणून पुढची माहिती त्यांच्या मुलांपर्यंत पोचायला हवी. रोटेनोन हे वनस्पतिजन्य कीटकनाशक ऊर्जासाखळीची तीच पहिली कडी अडवते. २००० साली अमेरिकेत त्याच्या प्रयोगात उंदरांमध्ये कंपवातासारखी लक्षणे दिसली. पॅराक्वाट हे तणनाशक वेगळ्या मार्गाने, ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू निर्माण करून, पेशींना इजा करते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ही रसायने वापरणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. यावरून अमुक एका माणसाचा आजार फवारणीमुळेच झाला असे म्हणता येत नाही. वय आणि जनुके यांचाही त्यात वाटा असतो. परंतु गमावलेल्या चेतापेशी परत आणण्याचे खात्रीचे साधन आजही नाही. तेव्हा फवारताना हातमोजे, तोंडावर योग्य मास्क आणि नंतर साबणाने अंघोळ, ही सवय लावणे शहाणपणाचे. खाजकुइलीच्या बियाही डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. त्यांतील एल-डोपाचे प्रमाण कमीजास्त असते.