जड रेणू वर कसे चढतात?

सिरसाळ्याहून एसटीने परळीला कॉलेजला जाणाऱ्या बीएस्सीच्या पोराला कुणी म्हटलं, 'खनिज तेलावर संशोधन कर', तर तो हसेल. समुद्र कुठे, बीड कुठे! पण या विषयात एक असा अवघड प्रश्न आहे, की त्याची सुरुवात करायला ना समुद्र लागतो ना मोठी लॅब. लॅपटॉप लागतो, आणि भरपूर चिकाटी.

१९७४ मध्ये मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, भर समुद्रात 'मुंबई हाय'चं तेल सापडलं. तेल म्हणजे काही एकच द्रव नव्हे. मिथेनसारख्या हलक्या हायड्रोकार्बनपासून लांबलचक साखळीच्या जड रेणूंपर्यंत शेकडोंची ती खिचडी. विहीर खोदणं भलतं महाग. म्हणून मोजक्या ठिकाणचे नमुने घ्यायचे आणि बाकी खोलीवर काय असेल याचा अंदाज बांधायचा.

जड खाली, हलकं वर, असं आपण पटकन म्हणू. पण जमिनीत खाली जाल तसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. आणि मिश्रणाची एक बाजू गरम, दुसरी थंड असली की त्यातले घटक वेगळे होऊ लागतात. बहुतेक वेळा जड रेणू थंड बाजूला सरकतात. इथे थंड बाजू म्हणजे वरची! गुरुत्वाकर्षण खाली ओढतंय, तापमानातला फरक वर ढकलतोय. कोण किती भारी पडतं, यावर कोट्यवधींचा हिशेब ठरतो.

याला म्हणतात थर्मल डिफ्यूजन, किंवा सोरे परिणाम. कार्ल लुडविगला तो १८५६ मध्येच दिसला होता, नाव मात्र १८७९ मध्ये प्रयोग करणाऱ्या शार्ल सोरेचं लागलं. (विज्ञानात हे नेहमीचंच.) मोजणं आजही कठीण, कारण फरक चिमूटभर असतो आणि द्रव जरा ढवळला गेला की मेहनत पाण्यात. ते ढवळणं टाळायला २०१६ मध्ये चीनच्या एसजे-१० उपग्रहातून तेलाचे नमुने थेट अवकाशात नेले होते.

दुसरा मार्ग कॉम्प्युटरचा. काही हजार रेणूंची एक काल्पनिक पेटी घ्यायची आणि न्यूटनच्या नियमांनी प्रत्येक रेणू हलवायचा. म्युलर-प्लाथ यांनी १९९७ मध्ये मांडलेली युक्ती मला फार आवडते. थंड पट्ट्यातला सगळ्यात वेगवान कण आणि गरम पट्ट्यातला सगळ्यात संथ कण शोधा, दोघांच्या वेगांची अदलाबदल करा. थंड भाग आणखी थंड, गरम आणखी गरम. मग उष्णता आपोआप उलटी वाहू लागते, आणि रेणू कुठे जमतात ते मोजायचं.

एक पाऊल साधारण एका फेम्टोसेकंदाचं. म्हणजे एका नॅनोसेकंदाला १० लाख पावलं, आणि गोंगाटातून खरा आकडा निघायला असे कितीतरी नॅनोसेकंद लागतात. मोठ्या मिश्रणांना पुण्यात आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारखा महासंगणकच हवा.

छोट्या मिश्रणांना नाही. 'लॅम्प्स' हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि वरची युक्ती त्यात तयार मिळते. तेलाकडे वळण्याआधी आरगॉन आणि क्रिप्टॉनचं मिश्रण चालवून बघा. क्रिप्टॉन थंड बाजूला जमायला हवा. जमला, तर पुढे मिथेन आणि डेकेन.