मेडल म्हणजे टाक नव्हे

आमच्या पणजोबांचं मेडल देव्हाऱ्यात असायचं, खंडोबाच्या टाकाशेजारी. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आजी टाक, समया, ताम्हन आणि ते मेडल एकाच परातीत घेऊन बसायची. चिंच, मीठ, चुलीतली राख. टाकाचं एक बरं असतं, घासून घासून देवाचे नाकडोळे गेले की सोनाराकडून नवा घडवून घेता येतो. पहिल्या महायुद्धाचं मेडल कोण घडवून देणार?

साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे, कोकणात अशी मेडलं घरोघरी आहेत आणि त्यांच्याबद्दलचे समजही घरोघरी सारखेच आहेत.

‘काळं पडलं म्हणजे मळलं’ हा त्यातला पहिला. १९१४-१८ चं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो, तोच हा काळेपणा. हा थर चांदीतूनच तयार झालेला असतो, बाहेरून येऊन बसलेला नसतो. त्यामुळे तो घासून काढला की थोडी चांदीही जाते. मग उघडी पडलेली चांदी पुन्हा काळी पडते, पुढच्या नवरात्रात पुन्हा राख. आधी झिजतात ते उंचवटे, म्हणजे राजाचा गाल, घोड्याची मांडी. आणि कड. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण त्या कडेवरच ठशांनी उमटवलेली असते. आमच्याकडे नंबरातले शेवटचे दोन आकडे गेले आहेत. भिंगानेही लागत नाहीत.

‘टूथपेस्ट सौम्य असते’ असं हमखास कुणीतरी सांगतं. दातांवरचं कीटण काढायला तिच्यात बारीक खरवडणारी पूड असते, चांदीला ती पुरून उरते. अॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा उपाय त्यापेक्षा हुशार आहे. त्यात सल्फाइडची परत चांदी होते, घासावं लागत नाही. पण खाचांमधली जी काळी छटा नक्षीला उठाव देते तीही जाते, आणि मेडल निस्तेज, पांढुरकं दिसू लागतं. शिवाय प्रत्येक पांढरं मेडल चांदीचं नसतं. दुसऱ्या महायुद्धाचं, १९३९-४५ चं वॉर मेडल तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं आहे. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार तांबं-जस्ताचे, म्हणजे जवळपास पितळच. पहिल्या महायुद्धात पोर्टर आणि लेबर कोअरमध्ये गेलेल्यांना तेच वॉर मेडल ब्राँझमध्ये दिलं गेलं. ‘शेजाऱ्यांचं चांदीचं, आपलं तांब्याचं, म्हणजे नकली’ असं म्हणून ते पोरांना खेळायला देणारी घरं मला माहीत आहेत.

काही मेडलांचा तर रंगच मुद्दाम दिलेला असतो. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणीतल्या दोघांना इटलीतल्या लढायांसाठी, १९४४ आणि १९४५ मधल्या पराक्रमाबद्दल, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या क्रॉसचा गडद तपकिरी रंग बनवतानाच चढवतात. तो उजळवणं म्हणजे सोलणं. वीर चक्र चांदीचं, पण मधल्या राजमुद्रेवर सोन्याचा मुलामा असतो. सोनाराने बफिंगच्या चाकावर धरलं की चांदी चमकते, मुलामा मात्र उडतो.

पूजेबद्दल बोललेलं घरात आवडत नाही, तरी बोलतो. हळदीकुंकू धातूवरून पुसता येतं, फितीवरून नाही. जुनी रेशमी फीत धुवायला घेऊ नका, रंग एकमेकांत उतरतात. भिंतीवर फ्रेम हवी असेल तर तीत नवी फीत लावा आणि जुनी पेटीत ठेवा, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. फ्रेममध्ये मेडल गोंदाने चिकटवणाऱ्याला मी काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

मग करायचं काय? फारसं काही नाही. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मेडल कडेने धरा. मऊ केसांच्या ब्रशने धूळ झटका, मगच जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने हलकेच टिपा. आधी टिपलं तर धुळीचे कणच ओरखडे काढतात. नेलपॉलिशचा थर नको.

खरी काळजी ठेवण्यात आहे. वास येणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून आम्ल सुटतं, रबर बँड आणि लोकरीच्या कापडातून गंधक. वर्तमानपत्राचा कागदही आम्लाचाच. आम्लमुक्त कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन मेडलं असतील तर वेगवेगळी गुंडाळा, एकमेकांवर आपटून खड्डे पडतात. सिलिका जेलची पुडी घाला आणि पावसाळ्यात ती बदलत राहा. ब्राँझवर फिकट हिरवी, भुकटी होऊन झडणारी ठिपकी दिसली तर तो साधा गंज नव्हे. खारट हवेतल्या क्लोराइडने धातू आतून पोखरला जातो, समुद्रकाठच्या घरांनी हे खास पाहावं. अशा वेळी घरचे प्रयोग बंद. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-जतनाचं केंद्र आहे, निदान तिथल्या जाणकारांना विचारा.

आणि आजच एक काम करा. खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च मेडलच्या कडेला आडवी धरा, मेडल सावकाश फिरवत चारही बाजूंनी फोटो काढा. समोरून न दिसणारी अक्षरं सावलीत उठतात. आमच्या पणजोबांच्या नावातला ‘ज’ मला तसाच सापडला. नंबरातले ते दोन आकडे मात्र नाहीत.