एकटं राहताना: न दिसणारा वायू

पार्सिपनीत रूट ४६ च्या आसपास बरीच अपार्टमेंट्स आहेत. भारतातून नोकरीसाठी आलेली कितीतरी मंडळी तिथे एकटी राहतात. तुमचे आई-बाबाही कदाचित सुरुवातीला असेच राहिले असतील. फोनवर आजी विचारते, "दार नीट लावलंस ना?" दार लावायलाच हवं. पण मला चोरापेक्षा जास्त भीती कार्बन मोनॉक्साइडची वाटते.

हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. गॅस, लाकूड किंवा पेट्रोल नीट जळलं नाही की तो तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. मग शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. "फ्लू असेल" म्हणून माणूस झोपतो. घरात दुसरं कोणी असेल तर ते हलवून उठवेल; एकट्याला कोण उठवणार?

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं, तेव्हा न्यू जर्सीत लाखो घरांची वीज गेली. वीज नसली की हीटरही बंद. मग गॅसची शेगडी पेटवून घर गरम करावंसं वाटतं. तसं करू नका. जनरेटर तर गॅरेजमध्येही नको, दार उघडं ठेवलं तरी!

अलार्मचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. (फोडणीच्या वेळी ओरडतो तो धुराचा अलार्म. वैतागून त्याची बॅटरी काढू नका.) कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर खिडक्या उघडत बसू नका. आधी बाहेर पडा, मग ९११ ला फोन करा. बोलता येत नसेल तर न्यू जर्सीत ९११ ला मेसेजही पाठवता येतो. त्यात पहिल्यांदा पत्ता लिहा.