जुनी टर्बो की जुनी जीटी-३?

१९९९च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पोर्शनं ९११ जीटी-३ मांडली आणि पुढच्याच वर्षी नवी ९११ टर्बो रस्त्यावर आणली. दोन्ही ‘९९६’ या पिढीच्या, दोन्हींच्या मागच्या भागात ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, तेही एकाच घराण्यातलं. नवी गाडी घेणाऱ्याला या दोघींमध्ये निवड करणं फारसं जड गेलं नसावं. ज्याला रेस ट्रॅकवर जायचं तो जीटी-३ घेई, ज्याला सगळं काही हवं आणि खिशाची फिकीर नाही तो टर्बो. खरी गंमत सुरू झाली ती या गाड्या जुन्या झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या राहिल्यावर. ब्रिटन-जर्मनीतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘रस्त्यावर चालवायला यातली कुठली?’ हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. या काळात दोन्ही गाड्या होत्या तशाच राहिल्या, पण उत्तर मात्र फिरलं.

आधी या दोघींवरच बोट का ठेवलं जातं ते सांगायला हवं, कारण ९९६ ही पिढी तशी नावडती. १९९७ साली ती आली तेव्हा ९११च्या इतिहासात पहिल्यांदाच हवेऐवजी पाण्यानं थंड होणारं इंजिन आलं. जुन्या भक्तांना हे बाटणं वाटलं. त्यात पुढचे दिवे स्वस्तातल्या बॉक्सस्टरशी सामायिक, आणि आकार असा की हाफ-फ्राय अंडं पसरल्यासारखा. ही थट्टा त्या गाडीला आजतागायत चिकटलेली आहे. पण थट्टेपेक्षा भीती मोठी होती. साध्या ९९६ कॅरेराच्या ‘एम९६’ इंजिनात मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग असे. ते बसलं तर फारशी पूर्वसूचना न देता बसे आणि जाताना सगळं इंजिन घेऊन जाई. अमेरिकेत हे प्रकरण सामूहिक दाव्यापर्यंत गेलं. जुनी ९११ शोधणाऱ्या माणसाला कुणीही पहिला प्रश्न विचारी तो या बेअरिंगचा.

जीटी-३ आणि टर्बो यांना हे भय नव्हतं, कारण त्यांच्यात ते इंजिनच नव्हतं. त्यांच्यात होतं हान्स मेत्झगर यांच्या परंपरेतलं इंजिन. मेत्झगर म्हणजे १९६०च्या दशकातल्या पहिल्या ९११च्या इंजिनामागचा माणूस. पुढे ९१७ या रेसिंग गाडीचं इंजिन त्यांचंच, आणि १९८४, ८५, ८६ अशी सलग तीन वर्षं मॅक्लारेनच्या चालकांना फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवून देणारं टर्बो इंजिनही त्यांचंच. १९९८ साली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ९११ जीटी-१च्या इंजिनाशी या दोन गाड्यांचं थेट नातं होतं. कोरडा संप, तेलाची वेगळी टाकी, रेसच्या माराला पुरून उरणारा क्रँककेस हे सगळं दोघींना सारखंच मिळालं. म्हणून ‘मेत्झगर’ हा जुन्या बाजारात जवळजवळ हमीचा शिक्का बनला. विक्रेते जाहिरातीत किलोमीटरच्या आधी तो शब्द छापू लागले.

पण एकाच मुशीतून काढलेल्या इंजिनांची वागणूक किती वेगळी! पहिल्या जीटी-३ची ताकद ३६० हॉर्सपॉवर. २००३च्या सुधारित आवृत्तीत ती ३८१ झाली आणि इंजिन मिनिटाला ८,२०० फेऱ्यांपर्यंत फिरू लागलं. टॉर्क ३८५ न्यूटन-मीटर, तोही ५,००० फेऱ्यांना. टर्बोचे आकडे ४२० हॉर्सपॉवर आणि ५६० न्यूटन-मीटर, आणि हा सगळा टॉर्क २,७०० फेऱ्यांपासूनच हाताशी. टर्बोला चारही चाकांची ओढ, घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, मागे लहान का होईना पण सीटा, आणि हवा असेल तर ऑटोमॅटिक गिअरही. जीटी-३मध्ये यातलं काहीच नाही. मागची सीट काढलेली, घसरण सावरणारी यंत्रणा नाही, ओढ फक्त मागच्या चाकांना, आणि ब्रेकला एबीएस एवढीच काय ती मदत. वजनात सुमारे १६० किलोंचा फरक.

आता हे आकडे रस्त्यावर आणून पाहू. जीटी-३चं इंजिन खऱ्या अर्थानं जागं होतं ते ५,०००च्या पुढे. दुसऱ्या गिअरमध्ये ते वरच्या टोकाला नेलं की गाडी ताशी १३० किलोमीटरच्या घरात जाते. ब्रिटनच्या गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, आणि मोटरवेवर ७० मैल. म्हणजे ज्या संगीतासाठी गाडी घेतली ते ऐकायचं तर दुसऱ्याच गिअरमध्ये कायदा मोडावा लागतो. चार गिअर अजून शिल्लकच! टर्बोचं तसं नाही. समोर ट्रॅक्टर आहे, पुढे तीनशे मीटर मोकळे दिसतात, पाय दाबला की गाडी उचलते, ओव्हरटेक संपतं, गिअरही बदलावा लागत नाही. पाऊस पडत असला तरी फारसा फरक पडत नाही. रस्त्यावर रोज जे करावं लागतं ते टर्बो सहज करते. जीटी-३ ते करून दाखवते, पण तुमच्याकडून कष्ट करून घेते.

म्हणूनच सुरुवातीच्या काळात उत्तर सोपं होतं. नव्या गाडीच्या किमतीनंही तेच सांगितलं. २००४मध्ये अमेरिकेत जीटी-३ची मूळ किंमत ९९,९०० डॉलर, टर्बोची त्याहून पंधरा हजारांपेक्षाही जास्त. टर्बो ही घराण्यातली थोरली, जीटी-३ ही शर्यतीची परवानगी मिळावी म्हणून काढलेली हट्टी धाकटी. वॉल्टर रोर्ल या माजी रॅली जगज्जेत्यानं जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या नॉर्डश्लायफवर जीटी-३ आठ मिनिटांच्या आत फिरवून दाखवली, ७ मिनिटं ५६ सेकंदांत. त्या काळी रस्त्यावरच्या गाडीसाठी हे अचाटच होतं. पण अशा फेऱ्या वाचायला छान असतात. सोमवारी सकाळी ऑफिसला जायला टर्बोच बरी, असं बहुतेकांनी ठरवलं.

मग २००६ आलं आणि ‘९९७’ पिढीच्या नव्या जीटी-३ आणि टर्बो आल्या, अनुक्रमे ४१५ आणि ४८० हॉर्सपॉवरच्या. साहजिकच ९९६ची भराभर घसरण सुरू झाली. २००८च्या आर्थिक मंदीनं उरलंसुरलं पाणी काढलं. माझ्या मते या सगळ्या मागोव्यातली सगळ्यात शहाणी वर्षं हीच, साधारण २००९ ते २०१२. गाड्यांना कुणी गुंतवणूक म्हणत नव्हतं, विकत घेणारा चालवायलाच घेत होता, आणि वादही प्रामाणिक होता: सस्पेन्शन किती कडक, पावसात काय होतं, क्लच किती जड, बायको बसेल का.

२०१३मध्ये पोर्शनं नकळत या वादाचा तोल बिघडवला. ‘९९१’ पिढीची नवी जीटी-३ आली ती फक्त पीडीके या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरसह. इंजिन ९,००० फेऱ्यांचं, पण मेत्झगर नव्हे. सुरुवातीच्या काही गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा २०१४मध्ये कंपनीनं सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. एकीकडे नव्या गाडीत क्लचचं पायडल नाही, दुसरीकडे नव्या इंजिनाबद्दल कुजबुज. लोकांच्या नजरा मागे वळल्या. हातानं बदलायचा गिअर, हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि मेत्झगर इंजिन एकत्र असलेली जीटी-३ आता पुन्हा बनणार नाही, हे ध्यानात आलं. २०१६मध्ये पोर्शनं मॅन्युअल गिअरची ९११ आर फक्त ९९१ गाड्यांपुरती काढली, तेव्हा तर सट्टेबाजांची दिवाळी झाली. मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी त्या विकायला निघाल्या. पुढच्या वर्षी पोर्शनं जीटी-३ला मॅन्युअल गिअर परत दिला, पण तोवर जुन्यांचे भाव चढले ते चढलेच.

टर्बोचे भाव तसे चढले नाहीत. एक कारण साधं, संख्येचं. ९९६ टर्बो वीस हजारांहून अधिक बनल्या. जीटी-३ त्या मानानं अगदी थोड्या, पहिली आवृत्ती तर दोन हजारांच्याही आत. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. टर्बोचा मोठेपणा वेगात होता, आणि वेग ही दर काही वर्षांनी स्वस्त होणारी गोष्ट आहे. २००० साली ० ते ताशी १०० किलोमीटर ४.२ सेकंदांत जाणं म्हणजे चमत्कार होता. २०१८ची टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स हा वेग त्याहून कमी वेळात गाठते, मागे दोन मुलं आणि डिकीत बॅगा घेऊन, आवाजही न करता. टर्बोनं जे विकलं ते आज शोरूममध्ये मिळतं. जीटी-३नं जे विकलं ते कुठेच मिळत नाही. त्यामुळे नवी असताना स्वस्त असलेली गाडी जुनी झाल्यावर महाग झाली, आणि थोरली मागे पडली.

इथपर्यंत बाजाराचं तर्कशास्त्र मला मान्य आहे. त्यापुढचं नाही. कारण बाजारानं ‘कुठली दुर्मीळ’ याचं उत्तर दिलं आणि लोकांनी ते ‘रस्त्यावर कुठली बरी’ याचं उत्तर म्हणून घेतलं. महाग झालेली जीटी-३ आता बाहेर निघत नाही. प्रत्येक किलोमीटर किमतीतून वजा होतो, म्हणून ती गॅरेजमध्ये, बॅटरीला चार्जर लावून, कापडाखाली असते. रस्त्यावर चालवायची म्हणून दिलेला कौल ज्या गाडीला रस्त्यावरच येऊ देत नाही, त्याला काय म्हणावं?

टर्बोही काही साधी सोय नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. मेत्झगर इंजिनाच्या हमीला एक छिद्र आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांचे जोड गोंदानं चिकटवलेले असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं गोंद सुटतो आणि सगळं पाणी एकदम रस्त्यावर येतं, तेही बहुधा वेगात असताना, थेट मागच्या टायरांसमोर. ते जोड पिनांनी पक्के करायचे किंवा वेल्ड करायचे तर इंजिन खाली उतरवावं लागतं. हा दोष दोघींचा. टर्बोचे स्वतःचे वेगळे नखरे आहेत: मागचा पंख उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा गळते, दुसरा गिअर झिजला की आपोआप सुटतो, पुढच्या रेडिएटरमध्ये पानं अडकून कुजतात. सिरॅमिक ब्रेक असलेली गाडी दिसायला भारी, पण डिस्क संपल्यावर येणारं बिल पाहून माणूस बसतो. साध्या लोखंडी डिस्कची गाडी शोधणारे म्हणूनच जास्त शहाणे.

जीटी-३ घेताना पाहायची गोष्ट वेगळी. इंजिनचा संगणक मर्यादेपलीकडे किती फेऱ्या झाल्या त्याची नोंद ठेवतो. ट्रॅकवर पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसऱ्यात गिअर पडला, तर इंजिनावर झालेला अत्याचार तिथे कायमचा लिहिलेला असतो. सर्व्हिस बुक कितीही स्वच्छ असो, ही नोंद खोटं बोलत नाही. ती न पाहता जीटी-३ घेणं म्हणजे जुगार. आणि नाक इतकं खाली की ब्रिटनमधल्या बुटक्या गतिरोधकांवरही काळजी घ्यावी लागते. पुढचा भाग बटणानं उचलण्याची सोय पोर्शला द्यावी लागली ती २००९च्या जीटी-३पासून, यातच सगळं आलं.

आपल्याकडच्या वाचकासाठी मात्र ही चर्चा ऐकण्यापुरतीच. भारतात तीन वर्षांहून जुनी गाडी साधारणपणे आयात करता येत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या शौकिनाला हा पेच सोडवायचा झाला तर आधी लंडनमध्ये घर करावं लागेल.

माझा कौल अजूनही २००९च्या त्या शहाण्या काळातलाच: २००१ ते २००५च्या दरम्यानची टर्बो, मॅन्युअल गिअर, लोखंडी डिस्क, पाण्याचे जोड पक्के केल्याची पावती हातात. जीटी-३शी असलेल्या किमतीच्या फरकात कितीतरी वर्षांचे टायर आणि पेट्रोल निघेल, आणि पाऊस आला म्हणून घरी बसावं लागणार नाही. अपवाद एकच. ज्याचं घर आयफेलच्या डोंगरात, न्युर्बुर्गरिंगपासून वीस मिनिटांवर असेल, आणि टोल भरून नॉर्डश्लायफवर फेरी मारायला जो खरंच जाणार असेल, त्यानं या सगळ्याकडे दुर्लक्ष करून जीटी-३च घ्यावी.