दुष्टव्रण आणि संयुक्त प्रतिजैविक मलम

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम वर्णिले आहेत. शोधन आधी, रोपण नंतर, हा त्यांतील क्रम निओमायसिन, पॉलिमिक्सिन-बी व बॅसिट्रॅसिन यांच्या संयुक्त मलमालाही लागू पडतो. बॅसिट्रॅसिन प्रामुख्याने ग्रॅम-पॉझिटिव्ह, तर पॉलिमिक्सिन ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर कार्य करते. तथापि पूय व मृत ऊतक दूर न करता लावलेला लेप व्यर्थच ठरतो.

एका मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रणाभोवती लाली व कंडू वाढली. संसर्ग बळावला असे समजून मी मलम लावीतच राहिलो. वस्तुतः ती निओमायसिनची अ‍ॅलर्जी होती. मलम थांबविल्यावर लक्षणे ओसरली.

विस्तृत दग्धव्रणात धोका याहून गंभीर असतो. उघड्या पृष्ठभागातून निओमायसिन रक्तात शोषले गेल्यास वृक्कांना व श्रवणशक्तीला इजा पोहोचते. बधिरता कायमची राहू शकते. म्हणून हे मलम लहान, स्वच्छ केलेल्या व्रणापुरतेच व अल्पकाळ योजावे. दग्ध खोल वा विस्तृत असल्यास, तसेच ज्वर वा पसरती लाली दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही चिठ्ठीशिवाय पुन्हा पुन्हा ट्यूब देऊ नये, ही विनंती.