अकरा जण गेले, दोघे चालले

गेल्या गळीत हंगामातली, जानेवारी महिन्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास गट ऑफिसात निरोप आला. आपल्या एका सभासदाची सून जिल्ह्याच्या गावी बाळंत झाली, मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबत नाही, रक्त पाहिजे. निरोप मिळाला तशी हातातली कामे टाकून अकरा जण दोन जीपमध्ये बसले. आम्हीही बरोबर होतो, पण आमची पासष्टी उलटलेली, त्यामुळे आमची गणती या अकरांत नाही. पासष्टनंतर रक्त घेत नाहीत.

रक्तपेढीत पोचलो. डॉक्टर तरुण होते, पण चौकशी कडक. पहिल्या दोघांना विचारले, "काल रात्री झोप झाली होती का?" एक जण म्हणाला, "कुठली हो! रात्रपाळी होती आणि दिवसा भाच्याचं लगीन." दुसऱ्याची तीच गत. पुरेशी झोप झालेली नसेल तर रक्त घेत नाहीत, दोघेही बाकावर बसले. तिसरा आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. "माझं वजन ऐंशी किलो हाय डॉक्टर, काढा की दोन बाटल्या!" डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले. तो पहाटे पुन्हा ट्रॉल्या ओढायला जाणार होता. अवजड किंवा जोखमीचे काम करणाराला पुढच्या ड्यूटीपूर्वी निदान चोवीस तास मोकळे लागतात. चौथ्याच्या तोंडाला वास येत होता, त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही. पाचव्याची संकष्टी होती, आणि धावपळीत उपास सोडायचाच राहिला होता. उपाशीपोटी रक्त देता येत नाही.

सहावा सभासदाचाच पुतण्या, कॉलेजात जाणारा. त्याला अठरा पुरी व्हायला चार महिने कमी. पोराच्या डोळ्यांत पाणी आले, पण अठरा म्हणजे अठरा. सातव्याचे वजन भरले बेचाळीस किलो, लागते कमीत कमी पंचेचाळीस. आठवा दोन महिन्यांपूर्वी मलेरियातून उठला होता, बरे होऊन तीन महिने जावे लागतात. नवव्याला दिवाळीत कुत्रे चावले होते आणि त्याने रेबीजची इंजेक्शने घेतली होती, त्याला वर्षभर थांबायला सांगितले.

राहिले दोघे. एक आमच्या शेतकी खात्यातला चिटबॉय आणि दुसरा बावन्न वर्षांचा पॅनमन. पॅनमनला मधुमेहाच्या गोळ्या चालू. साखर कारखान्यातल्या माणसाला साखरेचाच आजार, म्हणून तो स्वतःच मागे उभा होता. डॉक्टरांनी जवळ बोलावले. इन्शुलिन घेत नाही ना? गोळ्यांत चार आठवड्यांत बदल नाही ना? साखर आटोक्यात? मग चालेल. बोटातून थेंब काढून हिमोग्लोबिन पाहिले, साडेबारा तरी लागते, याचे तेरा निघाले. रक्तदाब पाहिला. दहा मिनिटांत पिशवी भरली आणि गडी चहा पिऊन बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने रक्त दिले होते.

आम्हाला वाटले, चला, दोन पिशव्या झाल्या, घेऊन पळू या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "अहो, ही आज रात्री तिला नाही लागायची." हे मात्र आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. काढलेले रक्त सरळ रोग्याला देत नाहीत. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया या तपासण्या झाल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही, आणि त्याला वेळ लागतो. मग त्या सुनेला काय दिले? आम्ही पोचायच्या आधीच रक्तपेढीच्या शीतकपाटातून चार पिशव्या तिकडे गेल्या होत्या. दहा-बारा दिवसांपूर्वी एका कॉलेजात शिबिर झाले होते, त्यातल्या त्या पिशव्या. आमच्या दोन पिशव्या पुढच्या कोणासाठी तरी ठेवल्या गेल्या. म्हणूनच त्या दोघांचा रक्तगट सुनेच्या गटाशी जुळतो की नाही, हे कोणी विचारलेही नव्हते.

सून वाचली. सासऱ्यांनी नंतर आम्हाला गाठले. म्हणाले, "त्या चार पोरांना शाल-नारळ द्यायचाय, नावं काढून द्या." आम्ही विचारायला गेलो, पण रक्त कोणाचे कोणाला गेले हे रक्तपेढी सांगत नाही. शाल-नारळ तसाच राहिला.

सभासद बंधु-भगिनींनो, हे सगळे विस्ताराने लिहिले याला कारण आहे. आपल्याकडेही शिबिर होते. चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाला मांडव पडतो, शेकडो लोक रक्त देतात, फोटो आमच्याच अंकात छापून येतात. वाईट काहीच नाही. पण रक्त म्हणजे गोदामात थप्पी लावून ठेवायची साखर नव्हे. नेहमीच्या पिशवीतले रक्त थंड ठेवूनही पस्तीस दिवस टिकते, विशेष द्रावण घातलेल्या तांबड्या पेशी बेचाळीस दिवस. जखमेतले रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट तर पाचच दिवस. उसाचेच बघा. सगळ्या गटांचा ऊस एकाच दिवशी तोडून आणला तर काय होईल, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अड्ड्यावर गाड्या तुंबतात, ऊस वाळतो, उतारा पडतो. म्हणून तर नोंदी घेतो, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा क्रम लावतो. रक्ताचा मात्र एक दिवस पोळा आणि मग मे महिन्यात कॉलेजे बंद, लोक लग्नसराईत, रक्तपेढीचे कपाट रिकामे. रोग्यांना हंगाम नसतो. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, ते वर्षाचे बारा महिने.

विकत घेऊ म्हणावे तर तेही होत नाही, आणि ते बरेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे देशात बंद झाले. रक्तपेढी जे पैसे घेते ते तपासणीचे आणि साठवणुकीचे. कारखान्यात रक्त तयार होत नाही, कोणीतरी द्यावेच लागते.

आता अशक्तपणाविषयी. फडात कष्ट करणारा माणूस म्हणतो, रक्त दिले तर कोयता कसा उचलू? मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असते. त्यातले ३५० मिलिलिटर काढतात, वजन पंचावन्नच्या वर असेल तर ४५० पर्यंत. त्यातले पाणी एक-दोन दिवसांत भरून येते, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. खोडवाच म्हणा ना, बुडखा राहिला की पुन्हा फुटतो. पण खोडव्यालाही दिवस द्यावे लागतात. पुरुषाने तीन महिन्यांच्या आत आणि बाईने चार महिन्यांच्या आत पुन्हा देऊ नये. दिल्या दिवशी पाणी भरपूर प्यावे, त्या हाताने ओझे उचलू नये.

बायकांविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. आमच्या शिबिरात आलेल्या बहुतेक बायका हिमोग्लोबिनवर परत जातात आणि त्यांना ओशाळल्यासारखे होते. ओशाळू नये. परत पाठवलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. नुसत्या गुळाने भागत नाही. (हे साखरवाले आहोत म्हणून लिहीत नाही!) गरोदरपणी, अंगावर पाजत असताना आणि बाळंतपणानंतर वर्षभर तर रक्त द्यायचेच नाही. म्हणजे रक्त लागते बाळंतिणीला, आणि ते देण्याचा भार पडतो इतरांवर.

जाता जाता एक. रक्ताचे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिले, पण १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक निराळाच गट सापडला. जगभर त्याला 'बॉम्बे' गट म्हणतात. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ' रक्त चालत नाही, त्याच गटाचे लागते. असा माणूस हजारोंत एखादा. आपल्यातही असेल, तपासल्याशिवाय कळायचे नाही.

आमची सूचना एवढीच आहे. ऊसनोंदीसारखी रक्ताचीही नोंद गट ऑफिसात ठेवावी आणि दर महिन्याला एका गटाची पाळी लावावी. शेतकी खात्यातल्या मंडळींशी बोललो, त्यांनी वही घातली आहे. चिटबॉयने पहिले नाव स्वतःचे लिहिले. नाव देताना वय, वजन आणि यापूर्वी रक्त दिले असल्यास ती तारीख सांगावी. पाळीच्या आदल्या रात्री झोप घ्यावी आणि येताना जेवून यावे.