दुर्गाबाई खोटे : एका तारामतीची गोष्ट

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें रेवसला उतरावें आणि तेथून मोटारीनें अलिबाग गांठावें, हा प्रवास मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. ओहोटीला पायीं गांठतां येणारा कुलाब्याचा किल्ला, नारळीपोफळींच्या वाड्या आणि समुद्राचा अखंड घोष यांमुळें पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्याचा हा किनारा थकल्या जिवाला विसांवा देतो. याच अलिबागेच्या आश्रयाला दुर्गाबाई खोटे उतारवयांत येऊन राहिल्या. 'मोगल-ए-आझम' मधील जोधाबाई किंवा पडद्यावरील प्रेमळ आजी म्हणून त्या पुष्कळांच्या स्मरणांत आहेत. परंतु त्यांच्या आयुष्यांतील खरी कसोटी त्या तरुण असतांनाच लागली. आणि ती कसोटी केवळ अभिनयाची नव्हती.

त्या कसोटीचें स्वरूप कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हें चित्र काढलें, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांना स्त्री मिळेना. कुलीन स्त्रियांची गोष्ट सोडाच. पण लोकांसमोर उभें राहणें हाच ज्यांचा व्यवसाय, त्या स्त्रियांनींही नकार दिला. अखेर एका उपाहारगृहांत काम करणारे साळुंके नांवाचे गृहस्थ तारामती झाले. त्याच वर्षीं 'मोहिनी भस्मासुर' मध्यें दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं, आणि १९१९ सालीं फाळके यांची बालिका मंदाकिनी 'कालिया मर्दन' मध्यें कृष्ण झाली. बांध फुटला होता हें खरें. तरी सुशिक्षित, सधन घराण्यांची दारें या व्यवसायाला बंदच होतीं.

अशाच एका घराण्यांत, मूळच्या गोमंतकांतील लाडांच्या कुटुंबांत, १४ जानेवारी १९०५ रोजीं मुंबईस दुर्गाबाईंचा जन्म झाला. कॅथीड्रल हायस्कुलांत त्यांचें शिक्षण झालें व पुढें सेंट झेवियर कॉलेजांतही त्या शिकल्या. लग्न होऊन त्या खोटे यांच्या घरीं आल्या. बकुळ आणि हरीन हे दोन मुलगे झाले. पण श्रीमंती ही समुद्राच्या भरतीसारखी असते. घरची सांपत्तिक स्थिति ढासळली, आणि पतीचें छत्रही ऐन तारुण्यांतच हरपलें. मुलांच्या संगोपनाची जबाबदारी दुर्गाबाईंवर येऊन पडली. नाटकासिनेमाच्या हौसेनें त्या घराबाहेर पडल्या नाहींत. त्यांना बाहेर काढलें तें गरजेनें. एरवीं त्या काळच्या तशा स्त्रीला शिकवण्या करण्यापलीकडे कोणता मार्ग खुला होता?

१९३१ सालीं मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रांत त्यांनीं एक लहानशी भूमिका केली. वय सव्वीस. चित्र सुमार होतें, आणि टीकेचा भडिमार मात्र थोर घरच्या या सुनेवर झाला. चित्र पडलें तर निर्मात्याचे पैसे जातात. येथें दोन घराण्यांची अब्रू पणाला लागली होती. त्याच क्षणीं त्यांनीं माघार घेतली असती, तर कोणीही दोष दिला नसता. उलट, असल्या धंद्यांत जाऊं नये हेंच सिद्ध झालें, असें म्हणून समाजानें समाधान मानलें असतें.

परंतु त्याच सुमारास कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी बोलपट काढण्याच्या तयारींत होती. शांताराम यांनीं दुर्गाबाईंना तारामतीची भूमिका देऊं केली. पहिल्या चटक्यानें पोळलेल्या बाईंनीं पुन्हां होकार दिला, आणि त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत धाडसाचें पाऊल हेंच होय. १९३२ सालचा 'अयोध्येचा राजा' हा मराठींतील पहिला बोलपट; त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. हरिश्चंद्राच्या भूमिकेंत गोविंदराव टेंबे होते.

त्या काळच्या बोलपटांतील काम किती कठीण असे, याची आज कल्पना येणार नाहीं. दुसऱ्यानें गाऊन नटानें केवळ ओठ हालविण्याची सोय १९३५ नंतरची. १९३२ सालीं नटालाच अभिनय चालू असतांना गावें लागे. आवाज आणि चित्र एकदमच घेतलें जाई. ध्वनिग्राहकाच्या टप्प्यांत राहावयाचें, शब्द स्पष्ट उच्चारावयाचा, आणि तरीही चेहऱ्यावर आयास दिसूं द्यावयाचा नाहीं! हें सारें दुर्गाबाईंनीं साधलें. ज्या तारामतीसाठीं फाळके यांना स्त्री मिळाली नव्हती, तिच्याच रूपानें एकोणीस वर्षांनीं कॉलेजांत शिकलेली स्त्री पडद्यावर उभी राहिली, आणि प्रेक्षकांनीं तिला आदरानें स्वीकारलें. सून तीच, घराणें तेंच; बदलली होती ती लोकांची दृष्टि.

यानंतर त्यांनीं मागें पाहिलें नाहीं. त्याच वर्षीं 'माया मच्छिंद्र' मध्यें, पाळीव चित्ता जवळ बाळगणारी राणी त्यांनीं रंगविली. कलकत्त्यास जाऊन देवकी बोस यांच्या हाताखालीं 'राजरानी मीरा' व 'सीता' हीं चित्रें केलीं. १९३६ सालच्या 'अमर ज्योति' मध्यें त्या सौदामिनी झाल्या : आपल्या तान्ह्या मुलावरचा हक्क नाकारला गेल्यामुळें समुद्रावर चांचेगिरी करणारी आई. मुलांसाठींच घराबाहेर पडलेल्या अभिनेत्रीला ही भूमिका लाभली, हा मोठा अर्थपूर्ण योग म्हटला पाहिजे. हें चित्र व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवांतही दाखविलें गेलें.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या वेळीं नटनटी एखाद्या कंपनीच्या मासिक वेतनावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनीं मात्र कोणा एकाच कंपनीचें दास्य पतकरलें नाहीं. कोल्हापूर, पुणें, कलकत्ता, मुंबई, जेथें योग्य काम मिळेल तेथें त्या गेल्या. पोटासाठीं काम करणें निराळें आणि लाचारीनें काम करणें निराळें, हा भेद त्यांनीं आचरणानें दाखविला.

पुढील वाटचाल थोडक्यांत सांगतां येईल. 'पायाची दासी' मधील खाष्ट सासू १९४१ सालची, तर 'मोगल-ए-आझम' मधील जोधाबाई १९६० सालची. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट' या नाटकांतून त्यांनीं रंगभूमीही गाजविली. १९६८ सालीं पद्मश्री, आणि १९८३ सालचें दादासाहेब फाळके पारितोषिकही त्यांना मिळालें. ज्या फाळके यांना तारामती मिळाली नाहीं, त्यांच्याच नांवाचा सन्मान एका तारामतीच्या पदरांत पडावा, याहून उचित काय?

२२ सप्टेंबर १९९१ रोजीं दुर्गाबाईंचें निधन झालें. अलिबागेच्या वाळूंत ओहोटीच्या वेळीं उमटलेलीं पावलें भरती पुसून टाकते. समाजाच्या वाटेवर धैर्यानें टाकलेल्या पावलांचें तसें नसतें. त्यांच्यामागून येणाऱ्यांना ती वाट मळलेली वाटते, आणि पहिल्यानें ती तुडविणाऱ्याच्या पायांत कांटे मोडले होते याची आठवणही राहत नाहीं. ती आठवण राहावी, एवढ्यासाठींच ही गोष्ट.